हिरण्यकेशीच्या काठाने दोन ऑक्टाव्हिया

दूधगंगेचा पूल मागे पडतो, राज्य बदलल्याची पाटी सरकून जाते आणि कोगनोळीच्या टोलनाक्याच्या छताखाली लागलेल्या रांगा दिसू लागतात. पुणे–बेंगळुरू महामार्गाने जाणाऱ्या बहुतेकांची या गावाशी ओळख तेवढीच, फास्टॅग वाचला जाऊन आडवा दांडा वर जाईपर्यंतची. पण गाडी चालवण्याची हौस असलेल्या माणसाला कोगनोळीसारखे राहण्याचे ठिकाण शोधूनही सापडायचे नाही. दक्षिणेला निघाले की निपाणी ओलांडताच तवंदीचा घाट आणि स्तवनिधीचे जैन तीर्थ. पुढे संकेश्वरला उजवीकडे वळले की हिरण्यकेशीची सोबत, आणि मग गडहिंग्लज, आजरा असे करत, प्रवाहाच्या उलट दिशेने, थेट तिच्या उगमापाशी आंबोलीला. निपाणीहूनच पश्चिमेचा फाटा धरला, तर मुदाळ तिट्टा, राधानगरी, दाजीपूरचे रान आणि फोंडा घाट. सपाट महामार्ग, उसाच्या शेतांतून जाणारा निवांत रस्ता आणि सह्याद्रीची वळणे, तिन्ही रस एकाच सकाळी चाखता यावेत असे स्थान या गावाच्या वाट्याला आले आहे.

मग प्रश्न उरतो गाडीचा. आठवडाभर कामाला जुंपलेली गाडी कोणतीही असो. शनिवार-रविवारी केवळ चालवण्याच्या आनंदासाठी जी दाराबाहेर काढायची, ती दमदार गाडी जुनी असावी की नवी? दोन गाड्या शेजारी उभ्या केल्याखेरीज याचे उत्तर शोधता येत नाही, आणि एकाच घराण्याच्या, एकच नाव धारण करणाऱ्या दोन गाड्या त्यासाठी आपल्याला मिळाल्या आहेत. स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस. पहिली 2004 साली भारतात आली, ती औरंगाबादजवळच्या शेंद्र्याच्या कारखान्यातून, म्हणजे आपल्याच मातीतून. ताजी आली ऑक्टोबर 2025 मध्ये, परदेशात पूर्ण बांधून, समुद्र ओलांडून. संपूर्ण देशासाठी फक्त 100 गाड्या, तेव्हाची शोरूमची किंमत 49 लाख 99 हजार. दोघींवर अक्षरे तीच, 1977 च्या माँटे कार्लो रॅलीत आपल्या वर्गात पहिल्या आलेल्या 130 आरएसने उजळवलेली. मधल्या एकवीस वर्षांत त्या दोन अक्षरांमागचा स्वभाव कसा बदलत गेला, हे आपण एकेक तपशील हाती घेऊन पाहू.

आधी जुनीचे इंजिन. आकार 1.8 लिटर, सिलिंडर चार, पण प्रत्येक सिलिंडरच्या डोक्यावर झडपा पाच! तीन झडपांनी हवा आत घ्यायची, दोहोंनी धूर बाहेर सोडायचा. ही रचना आता जवळपास लोपली आहे, म्हणून तिच्याकडे जरा अधिक जिव्हाळ्याने पाहावेसे वाटते. या पाच झडपांच्या जोडीला टर्बो, आणि दोघांच्या मेळातून निघणारी 150 अश्वशक्ती व 210 न्यूटन-मीटर जोर. हा जोर 1,750 फेऱ्यांपासूनच मिळतो असे कागद सांगतो. तरीही पाय दाबणे आणि गाडीने पुढे झेपावणे यांच्यामध्ये एक इवलासा अवकाश राहतोच. विहिरीवरची मोटर चालू करावी आणि पाटाच्या शेवटच्या टोकाला पाणी पोहोचेपर्यंत बांधावर उभे राहावे, तशी ही प्रतीक्षा असते. पुष्कळांना हा दोष वाटतो. मला तो या गाडीचा सर्वांत मोहक गुण वाटतो, कारण त्या अवकाशात चालकाला आपली जागा मिळते. वळण संपण्याआधी, मध्यावर असतानाच, किंचित लवकर पाय दाबून ठेवायचा, म्हणजे वळण उलगडताना टर्बोचा जोर नेमका हाती येतो. हा अंदाज साधला की होणारे समाधान इतके खासगी असते, की शेजारी बसलेल्याला आपण काही केले याचा पत्ताही लागत नाही.

या अंदाजाची परीक्षा घ्यायची तर गाळपाच्या हंगामातच निघावे. कागलचा शाहू कारखाना आणि निपाणीचा हालसिद्धनाथ यांच्या मधल्या या पट्ट्यात तेव्हा रस्त्यावर ट्रॅक्टर असतात, प्रत्येकामागे उसाने काठोकाठ भरलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागचे दिवे वाढ्यांआड झाकलेले. गडहिंग्लजच्या अलीकडे अशा एखाद्या ट्रॅक्टरमागे जुनी आरएस सापडली की चालकाला आधी नजर लांबवर टाकावी लागते, समोरचा रस्ता खरोखर मोकळा आहे याची खात्री करावी लागते, मग चौथ्यातून तिसरा गिअर, आणि तो क्षणभराचा थांबा. त्यानंतर एका सलग, भरदार ओढीने दोन्ही ट्रॉल्या मागे पडतात. नवी गाडी हेच काम निम्म्या श्वासात करते. तिचे दोन लिटरचे इंजिन 265 अश्वशक्ती आणि 370 न्यूटन-मीटर जोर देते, सात गिअरची डीएसजी पेटी योग्य गिअर स्वतःच निवडते, आणि आपण ठरवेपर्यंत गाडी पुढे गेलेलीही असते. या तत्परतेत एक निर्विवाद सुरक्षितता आहे. समोरून येणाऱ्या एसटीशी आपला संबंध जितका थोडा वेळ येईल तितके बरे, हे कोणीही मान्य करील. मात्र त्या एका कृतीतला चालकाचा वाटा आता निर्णयापुरता उरतो.

गिअरच्या दांड्यापाशी आपण जरा अधिक रेंगाळू या, कारण रविवारचा पुष्कळसा आनंद तळहातावरच साठलेला असतो. जुनीला पाचच गिअर, हाताने टाकायचे. तवंदीचा चढ लागताच चौथ्यातून तिसऱ्यात येताना डावा पाय क्लच दाबतो, उजवा पाय फेऱ्या किंचित वाढवतो, आणि दांडा आपल्या खोबणीत बसताना जो छोटासा ठोस स्पर्श हाताला मिळतो, त्यात यंत्राने आपल्याला दिलेला होकार असतो. इंजिनाच्या फेऱ्या आणि चाकांची गती यांचा मेळ जुळला, तर गाडीला धक्का लागत नाही. चुकला तर ती मान हलवून नाराजी सांगते. दर गिअरला मिळणारा हा निकाल शिकवणारा आहे, आणि असे शिकत राहण्याची संधी डीएसजीमध्ये नाही. स्टिअरिंगमागच्या पट्ट्या ओढून तिथेही गिअर बदलता येतात, बदल विजेच्या चपळाईने होतो आणि कधीही चुकत नाही. परंतु चुकण्याची शक्यताच काढून घेतलेल्या कृतीत साधल्याचा हर्ष कोठून येणार?

स्टिअरिंगचेही तसेच. जुनीच्या चक्राला तेलाच्या दाबाची मदत आहे, नवीच्या चक्राला विजेच्या मोटरची. नवीचे चक्र जितके अधिक वळवावे तितके ते अधिक तीक्ष्ण होत जाते, त्यामुळे आंबोलीच्या घट्ट वळणांवरही हात एकमेकांवर फारसे टाकावे लागत नाहीत. ही मोठी सोय आहे. जुनीत मात्र डांबराची जात बोटांना कळते. काँक्रीटच्या पट्ट्यांमधले सांधे, पुलाच्या तोंडाची किंचित उचल, सावलीत ओली राहिलेली कड, हे सारे तळहातापर्यंत येऊन पोहोचते आणि डोळ्यांना दिसण्याआधी हातांना उमगते. अशी गाडी चालवताना आपण रस्ता वाचत असतो, आणि तो वाचता येऊ लागला की ओळखीचा रस्तासुद्धा दर खेपेला काही नवे सांगतो.

इतके म्हटल्यावर नवीच्या बाजूचे जे खरोखर देखणे आहे, ते उदार मनाने पाहिलेच पाहिजे. आंबोलीचा पाऊस आपल्याला ठाऊक आहे. धुके इतके उतरते की समोरची गाडी केवळ तिच्या दिव्यांवरून ओळखावी. अशा ओल्या घाटात चढाच्या वळणावर पाय दाबला की पुढच्या चाकांनी ओढल्या जाणाऱ्या कोणत्याही गाडीचे आतले चाक हलके होते आणि जागच्या जागी फिरू लागते. जुनीत यावर उपाय एकच, पाय आवरणे. नवीच्या पुढच्या आसावर मात्र इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाचे कुलूप बसवले आहे. आतले चाक सुटते आहे असे जाणवताच ते जोर बाहेरच्या चाकाकडे वळवते, आणि गाडीचे नाक बाहेर न भरकटता वळणाच्या आतल्या कडेकडे खेचले जाते. ही अनुभूती पहिल्यांदा घेणारा माणूस क्षणभर थक्क होतो. मागच्या चाकांसाठी जुनीला एकच आडवा जोडआस होता, नवीला प्रत्येक चाकासाठी स्वतंत्र दांड्यांची रचना आहे. म्हणून खड्ड्यात एक चाक गेले तरी दुसरे आपल्या जागी निश्चल राहते. त्यात 600 लिटरची डिकी. आई-वडील, मुले आणि आजऱ्याच्या घनसाळ तांदळाचे पोते घेऊन परतायचे असेल, तर या गाडीइतकी तृप्त करणारी दुसरी कोणती असेल असे मला वाटत नाही.

पण या सामर्थ्याचा उपभोग घ्यायचा कोठे? नवी शून्यापासून ताशी 100 किलोमीटरचा वेग 6.4 सेकंदांत गाठते, आणि चौपदरी महामार्गावर मोटारींना मुभा आहे ती त्याच 100 पर्यंतची. म्हणजे कोगनोळीच्या नाक्यावरून निघाल्यावर सहा-साडेसहा सेकंदांत तिची कायदेशीर मैफल संपते, आणि 250 पर्यंत जाऊ शकणाऱ्या त्या यंत्राचा मोठा भाग नंतर दिवसभर निद्रिस्त राहतो. रस्त्यावर बैलगाड्या आहेत, सायकलवरची मुले आहेत, दुभाजकाच्या फटीतून आडवी येणारी दुचाकी आहे. तेव्हा तो भाग निद्रिस्त राहणेच योग्य. जुनीचे सौभाग्य असे, की तिचा आनंद साठ ते नव्वदच्या दरम्यानच पूर्ण फुलतो. दुसरा गिअर शेवटच्या फेऱ्यांपर्यंत ओढावा, तिसरा टाकावा, टर्बोची शीळ ऐकावी, आणि काट्याकडे पाहावे तर आपण अजून मर्यादेतच असतो. यंत्राच्या सामर्थ्याचा किती अंश आपल्या रस्त्यावर, कोणालाही इजा न करता, अनुभवता येतो, हाच रविवारच्या गाडीचा खरा निकष आहे असे मी मानतो.

याच संदर्भात चाकणला बनणाऱ्या फोक्सवॅगन व्हर्टस जीटीकडेही एक दृष्टिक्षेप टाकावा. तिच्या दीड लिटरच्या इंजिनाची शक्तीही 150 च, 2004 च्या आरएसइतकीच, शिवाय ती हाताच्या सहा गिअरमध्येही मिळाली आहे. जुनीची देखभाल झेपणार नाही असे ज्याला वाटते, त्याने तिच्यात समाधान शोधावे. ते उणे ठरणार नाही.

देखभाल मात्र झेपलीच पाहिजे. या 1.8 टर्बोच्या इग्निशन कॉइल दगा देतात, टायमिंग बेल्ट वेळेवर बदलावा लागतो आणि त्याच्यासोबत पाण्याचा पंपही, कारण त्यातले प्लास्टिकचे पाते वयाबरोबर ठिसूळ होते. त्यात आता पंपावर 20 टक्के इथेनॉलचे पेट्रोल. ज्या उसाच्या शेतांतून आपण ही गाडी नेतो, त्याच उसापासून इथेनॉल बनते. पण त्या काळच्या रबरी नळ्या आणि सील या मिश्रणासाठी घडवलेल्या नव्हत्या, म्हणून त्या तपासून घेणे आले. सुदैवाने या टापूत असे काम समजणारे हात आहेत. कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लेथवर उभी असलेली माणसे झिजलेला भाग हातात घेऊन त्याचे माप सांगतात आणि न मिळणारा बुश घडवून देतात. जुन्या गाडीच्या मालकाला अशा माणसांची जी मैत्री लाभते, तीही त्या गाडीच्या आस्वादाचाच भाग. नवीच्या बाबतीत सर्व्हिस सेंटरवर संगणक जोडला जातो, दुरुस्ती चोख होते, पण ती काचेपलीकडे.

सीमेवरच्या माणसाला कागदांचाही विचार करावा लागतो. कोल्हापूरची एमएच-09 पासिंगची गाडी घेऊन ती कोगनोळीत कायमची ठेवायची, तर कोल्हापूरच्या आरटीओची एनओसी, चिक्कोडीत केए-23 ची नोंदणी आणि कर्नाटकाचा आजीवन कर ही पायपीट ठरलेली. वय वाढलेल्या गाडीला हा कर कमी बसतो, ही त्यातली दिलाशाची बाजू. पंधरा वर्षांनंतर नोंदणीचे नूतनीकरण आणि मग दर पाच वर्षांनी ते पुन्हा करावे लागते, हेही आधीच मनात धरावे.

घरात एकच गाडी ठेवायची असेल, तर नवी घ्यावी. पाऊस, कुटुंब आणि लांबचा पल्ला यांना ती जुनीपेक्षा शतपटीने सरस आहे. परंतु रोजच्या कामाला दुसरी गाडी असेल आणि प्रश्न केवळ रविवारच्या सकाळचा असेल, तर माझे मत निःसंशय 2004 च्या पिढीच्या हातगिअरच्या आरएसला. कोल्हापूर, निपाणी, बेळगाव या भागात एखादी मूळ स्थितीतली, फेरफार न केलेली दिसली, तर रंगाकडे आणि किलोमीटरच्या आकड्याकडे नंतर पाहा. आधी मालकाकडे टायमिंग बेल्ट आणि पाण्याचा पंप बदलल्याची पावती मागा, इंजिन पूर्ण थंड असताना सुरू करायला सांगा, आणि एक फेरी तवंदीचा घाट चढून या. पावती असली आणि तिसऱ्या गिअरमध्ये गाडी कुठेही न अडखळता चढली, तर घासाघीस फार न करता ती घेऊन टाका.