ताटातील मोकळी जागा

या सदरात आम्ही बहुधा पुस्तकांचा परामर्श घेतो. या वेळी समोर आहे ते पुस्तक नव्हे. मुंबईच्या एका कलामहाविद्यालयात उपयोजित कलेचे शिक्षण घेणाऱ्या आपल्या समाजातील एका विद्यार्थिनीने अंतिम वर्षासाठी सिद्ध केलेला तो आपल्या कामांचा संच आहे. या व्यवसायात त्याला पोर्टफोलिओ म्हणतात. नोकरीच्या दारात उभे राहताना तरुण चित्रकाराच्या हाती एवढेच भांडवल असते. विद्यार्थिनी अजून शिकत असल्यामुळे तिचे नाव आम्ही देत नाही. परंतु काम प्रदर्शनात मांडले गेले आहे, तेव्हा त्याविषयी मोकळेपणाने बोलणे हाच त्याचा खरा सन्मान होय.

संचाचा विषय आहे जपानी भोजनविचार, आणि विषयाप्रमाणेच त्याची रचनाही आहे. जपानी घरातील नित्याच्या जेवणाला ‘इचिजू सानसाई’ म्हणतात: एक सूप आणि तीन पदार्थ. समोर डाव्या हाताला भाताचा वाडगा, उजव्या हाताला सूप, पलीकडे तीन पदार्थ. लोणचे असतेच, पण ते मोजीत नाहीत. या विद्यार्थिनीने प्रास्ताविकाला भाताचे स्थान दिले आहे, एका माहितीपुस्तिकेला सुपाचे, आणि तीन पदार्थ म्हणून एक धान्याची पिशवी, एका काल्पनिक भोजनगृहाचे पदार्थपत्रक व पाच भित्तिपत्रके मांडली आहेत. शिवाय तिने स्वतःला एक नियम घालून घेतला आहे. पोट दहांपैकी आठ भागच भरावे या अर्थाचे ‘हारा हाची बू’ हे वचन जपानमध्ये रूढ आहे. काइबारा एक्केन या विद्वानाने 1713 मधील आपल्या ‘योजोकुन’ या आरोग्यविषयक ग्रंथात अशाच मिताहाराचा उपदेश केला. त्याला अनुसरून विद्यार्थिनीने प्रत्येक रचनेचा खालचा पाचवा हिस्सा कोरा सोडला आहे. आपल्याकडेही पोटाचा चौथा भाग वायूसाठी मोकळा ठेवावा असे वडीलधारी माणसे सांगत आली आहेत, तेव्हा कल्पना आपल्याला परकी वाटू नये.

ही मोकळी जागा हाच आमच्या परीक्षणाचा विषय आहे. ती कोणासाठी सोडली आहे, हा एकच प्रश्न आम्ही प्रत्येक पानाला विचारणार आहोत.

प्रश्न आम्ही बाहेरून आणलेला नाही. तो जपानी परंपरेच्या पोटातूनच उगवतो. ‘काइसेकी’ हा शब्द जपानी भाषेत दोन प्रकारे लिहितात. उच्चार एक, अक्षरे निराळी. एका लेखनात ‘छातीशी धरलेला दगड’ असा अर्थ आहे. झेन मठातील भिक्षू भूक शमवण्यासाठी तापवलेला दगड वस्त्राआड पोटाशी धरीत, अशी त्याची कथा सांगतात. चहाच्या विधीपूर्वी यजमान जे साधे जेवण वाढतो त्याला हे नाव मिळाले. दाट, कडक चहा रिकाम्या पोटी बाधू नये एवढाच त्या जेवणाचा हेतू. दुसऱ्या लेखनात ‘मंडळींच्या बैठकीचे जेवण’ असा अर्थ होतो; ते मेजवानीचे, मद्यासह चालणारे, थाटाचे काइसेकी. दोन्हींत सुरेख भांडी आहेत, दोन्हींत ऋतू आहे, दोन्हींत मोकळी जागा आहे. परंतु पहिल्याची सुरुवात भुकेच्या जाणिवेतून झाली, हे विसरून त्याचे केवळ रूप उचलणारा कलावंत नकळत दुसऱ्या पंगतीत जाऊन बसतो.

जेवण झाल्यावर जपानी माणूस ‘गोचिसोसामा’ म्हणून आभार मानतो. यातील ‘चिसो’ या शब्दाची अक्षरे धावण्याची, घोडा दौडवण्याची आहेत. अतिथीसाठी कोणीतरी धावपळ करून जिन्नस गोळा केले, त्या धावपळीचे हे आभार. झेन मठात जेवणापूर्वी पाच चिंतने म्हणतात, त्यांतील पहिलेच मुळी हे अन्न किती जणांच्या श्रमांतून आले याचा विचार करायला लावते. झेन आचार्य दोगेन यांनी 1237 मध्ये मठाच्या स्वयंपाक्यासाठी स्वतंत्र ग्रंथ लिहिला, आणि तांदूळ निवडण्याचे काम साधनेइतकेच गंभीर मानले. ताटातील शांतता अशी मुदपाकखान्यातील कष्टांवर उभी असते.

आपल्या वाचकांना या परंपरेचे आणखी एक नाते ठाऊक असणे इष्ट. संत फ्रान्सिस झेविअर 1549 मध्ये जपानला पोहोचले ते गोव्याहून निघून. त्यांचा जपानी सोबती आंजिरो याचा बाप्तिस्मा 1548 मध्ये गोव्यातच झाला होता. वसईचे संत गोन्सालो गार्सिया यांनी 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे रक्तसाक्ष दिली. चहाविधीला ज्यांनी आजचे रूप दिले त्या सेन नो रिक्यू (1522–1591) यांच्या सात प्रमुख शिष्यांत ताकायामा उकोन हा ख्रिस्ती सरदार गणला जातो. 2017 मध्ये ख्रिस्तसभेने त्याला धन्य घोषित केले. जुआंव रॉड्रिग्ज या येशूसंघीयाने सतराव्या शतकाच्या आरंभी चहाच्या आतिथ्याविषयी विस्ताराने लिहून ठेवले आहे. आपल्या मुलीने हा विषय निवडावा यात म्हणूनच आम्हाला नवल वाटले नाही.

आता संचाकडे वळू. प्रास्ताविकाच्या पानावर शुभ्र पार्श्वभूमीवर तांदळाचा एकच दाणा रेखाटला आहे. रेखाटन अत्यंत नाजूक आहे. परंतु जपानी भाषेत ‘गोहान’ म्हणजे शिजलेला भात आणि ‘गोहान’ म्हणजेच जेवण. पोट भरणारा तो आधार आहे. एकटा, कच्चा, रत्नासारखा मांडलेला दाणा कोणाचेच पोट भरीत नाही. त्याखाली दोन वाक्यांत ‘साधेपणाचा शोध’ एवढेच लिहिले आहे. शोध कोणासाठी घेतला, हे पानावर कोठेही नाही.

पुस्तिकेत मात्र विद्यार्थिनीचा अभ्यास दिसतो. पाच रंग, पाच चवी आणि पाच पाकपद्धती (कच्चे, शिजवलेले, भाजलेले, वाफवलेले, तळलेले) यांचे विवेचन स्वच्छ मराठीत आहे. प्रत्येक पाकपद्धतीला एक पान आणि एक रंग. कोरा सोडलेला पाचवा हिस्सा येथे कामाचा ठरतो; पुस्तिका ओट्यावर उघडी ठेवून स्वयंपाक करणाऱ्या व्यक्तीला तेथे आपले प्रमाण, आपले टिपण लिहिता येते. कागदही शाई शोषणारा, लिहिण्याजोगा निवडला आहे. यजमानाने पाहुण्यासाठी जागा ठेवावी तशी ही जागा आहे.

संचातील सर्वोत्तम काम म्हणजे कणीची पिशवी. गिरणीतून तांदूळ सडून आला की जी कणी निघते ती बाजारात दुय्यम समजली जाते. पेजेला मात्र तीच चांगली. विद्यार्थिनीने या कणीसाठी जाड, अनब्लीच केलेल्या तपकिरी कागदाची पिशवी केली आहे. दर्शनी बाजूस ठसठशीत अक्षरांत ‘कणी’ एवढाच शब्द, मागे पेजेची कृती. कोरा पाचवा हिस्सा वरच्या टोकाला घेतला आहे, कारण पिशवी उघडल्यावर तोच भाग दुमडून दोऱ्याने बांधायचा आहे. खालच्या जागेचा आपलाच नियम तिने येथे मोडला, आणि नेमके तेथेच नियमाचा अर्थ तिला गवसला. मोकळी जागा घरातल्या हाताच्या उपयोगी पडली.

‘मुजी’ या जपानी नाममुद्रेची येथे आठवण होते. 1980 मध्ये सेइयू या दुकानसमूहाने ती सुरू केली तेव्हा इक्को तानाका (1930–2002) हे तिचे कलादिग्दर्शक होते. पहिल्या मालात वाळवलेल्या शिइताके अळंब्यांचे तुटलेले तुकडे होते. चिरून शिजवायच्या वस्तूला अखंड आकार कशाला हवा, असा त्यामागे सरळ विचार होता. तुटके असल्यामुळे स्वस्त, आणि स्वस्त का ते वेष्टनावरच सांगितलेले. आज जगभर ज्या साधेपणाचे कौतुक होते त्याचे मूळ असे किराणा मालाच्या व्यवहारात आहे. आमच्या विद्यार्थिनीची कणी त्या तुटक्या अळंब्यांच्या पंक्तीत मानाने बसेल.

दुसरा पदार्थ, भोजनगृहाचे पदार्थपत्रक, आम्हाला सर्वाधिक खटकले. पदार्थांची नावे सात पॉइंट आकारात, फिकट करड्या शाईत छापली आहेत. दोन ओळींतील अंतर रोमन लिपीच्या मापाने ठेवल्यामुळे वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना जाऊन भिडतात. देवनागरी शिरोरेषेला टांगलेली असते. तिला वर मात्रांसाठी आणि खाली उकारांसाठी जागा लागते. म्हणजे जेथे मोकळी जागा अत्यावश्यक होती तेथे ती नाकारली, आणि पत्रकाचा खालचा पाचवा हिस्सा मात्र नियमासाठी ओस ठेवला. संत थॉमस अक्विनास यांनी सौंदर्याची तीन लक्षणे सांगितली: पूर्णत्व, प्रमाण आणि तेज. मंद उजेडाच्या भोजनगृहात साठीच्या गृहस्थाला जे पत्रक वाचता येत नाही, त्यात पहिली दोन लक्षणे असली तरी तिसरे नाही. जपानी मांडणीकार हे जाणतो. तानिझाकी यांनी 1933 च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात लाखेच्या वाडग्याचे सौंदर्य मंद प्रकाशात खुलते असे म्हटले. पण तो वाडगा हातात धरायचा, ओठांना लावायचा असतो. अंधारातही त्याचे काम चालते. पत्रकाचे चालत नाही.

तिसरा पदार्थ म्हणजे ‘नागोरी’ या शीर्षकाची पाच भित्तिपत्रके. जपानी स्वयंपाकात ऋतूच्या तीन अवस्था मानतात: ‘हाशिरी’ म्हणजे पहिली आवक, ‘शुन’ म्हणजे भर, आणि ‘नागोरी’ म्हणजे निरोप. लाटा ओसरल्यावर किनाऱ्यावर जे मागे उरते ते, असे या शब्दाचे मूळ सांगतात. इतकी सुंदर कल्पना हाती असताना विद्यार्थिनीने चितारले काय, तर चेरीचा मोहोर आणि मेपलची लाल पाने. रंगसंगती निर्दोष आहे. पण आपल्या दारचा ऋतू पाहा, हीच तर त्या परंपरेची शिकवण; चेरीचे चित्र काढून तिचे पालन होत नाही, भंगच होतो. क्योटोचा आचारी क्योटोच्या भाजीबाजारातील निरोप वाढतो. पावसाच्या पहिल्या सरीनंतर टोपलीत उरलेले शेवटचे आंबे या मुलीने लहानपणापासून पाहिले आहेत. ते कोणत्याही पत्रकावर नाहीत.

याच पत्रकांवर मराठी शब्द जपानी पद्धतीने उभे, एका अक्षराखाली एक असे लिहिले आहेत. जपानी अक्षर आपल्या चौकोनात स्वयंपूर्ण उभे असते, म्हणून ओळ उभी धरली तरी त्याचे काही बिघडत नाही. देवनागरीत मात्र शिरोरेषा तुटली की शब्दाचा कणाच तुटतो. भांडे पदार्थाला साजेसे निवडावे, हा जपानी स्वयंपाकातला साधा नियम येथे लागू पडतो.

मोकळ्या जागेची खरी किंमत दाखवणारे एक उदाहरण देऊन आवरते घेतो. केन्या हारा या जपानी रचनाकाराने 1998 मध्ये यामागुची प्रांतातील उमेदा या प्रसूती व बालरुग्णालयासाठी दिशादर्शक पाट्या केल्या, त्या पांढऱ्या सुती कापडाच्या. पांढरे कापड मळणारच. ते काढून पुनःपुन्हा धुवावे लागते. हेतूच तो होता. पाटी स्वच्छ दिसली की बाळंतिणीला कळते, येथे कोणीतरी रोज निगा राखते आहे. पांढरेपणा येथे दुसऱ्यासाठी उपसलेल्या कष्टांची साक्ष देतो.

आमचा अभिप्राय थोडक्यात असा. या विद्यार्थिनीची दृष्टी आणि हात दोन्ही तयार आहेत. जेथे तिच्या मनापुढे स्वयंपाक करणारी बाई होती, पेज शिजवणारे घर होते, तेथे तिची मोकळी जागा बोलकी झाली. जेथे मनापुढे परीक्षक होता तेथे तीच जागा रितेपण होऊन बसली. मिताहार आणि उपासमार यांत ताट सारखेच दिसू शकते. फरक समोर बसलेल्या माणसाला कळतो. संच नोकरीसाठी नेण्यापूर्वी तिने पदार्थपत्रक मोठ्या अक्षरांत नव्याने जुळवावे आणि एखाद्या वृद्धाच्या हाती संध्याकाळच्या उजेडात देऊन पाहावे. भित्तिपत्रके आपल्या अंगणातील निरोपाची करावीत. प्रास्ताविकातील एकट्या दाण्याच्या जागी कणीची पिशवी ठेवावी. पान उलटणाऱ्याला पहिल्याच क्षणी कळेल की ही मुलगी कोणासाठी काम करते. एवढे बदल एका महिन्याचे आहेत, आणि ती ते करील असा आम्हाला भरवसा आहे.