ओसाड मैदान आणि वगळलेला माणूस

ओसाड पडलेल्या क्रीडांगणाचे छायाचित्र हा आता एक ठरीव विषय होऊन बसला आहे. गंजलेला गोलाचा खांब, पायऱ्यांच्या फटीतून उगवलेली रुई, धावपट्टीवर माजलेले गवत आणि वर कललेले ऊन. रसिक अशा चित्रापुढे थबकतात आणि ‘किती बोलकी शांतता!’ म्हणून उसासा टाकतात. आमचा प्रश्न एवढाच आहे : ही शांतता कोणाला गप्प करून मिळवली आहे?

ओसाडपणा मैदानावर जितका असतो त्याहून अधिक तो चित्रात घडवावा लागतो. आधी वेळ निवडली जाते. पोरे मैदानावर नसतील अशी. मग चौकट धरली जाते. कडेची झोपडी, वाळत घातलेली धुणी, शेळ्या राखणारी बाई बाहेर राहील अशी. उरलेले काम संगणकावर होते. रंग उतरवतात, आभाळ गडद करतात, आणि एवढे करूनही एखादे माणूस कोपऱ्यात शिल्लक राहिलेच तर ते पुसून त्या जागी शेजारचे गवत चिकटवतात.

संस्करण म्हणजे लबाडीच, असे आम्ही म्हणत नाही. अंधारखोलीत छपाई करणारा कारागीरही एखादा भाग हाताने झाकून उजळ ठेवी, दुसऱ्याला जास्त प्रकाश देऊन काळा करी. त्याने वस्तूचे वजन कमीजास्त होते, वस्तू नाहीशी होत नाही. उजळणे वेगळे आणि वगळणे वेगळे. सगळा प्रश्न ह्या फरकाचा आहे.

अफगाण मुलीच्या चित्रामुळे जगाला ठाऊक झालेल्या स्टीव्ह मॅकरी ह्या अमेरिकन छायाचित्रकाराचे उदाहरण पाहा. २०१६ मध्ये इटलीतील प्रदर्शनात त्याच्या क्यूबातील एका चित्रात फेरफार आढळला. मग लोकांनी जुनी चित्रे तपासली. पावसात चेंडू खेळणाऱ्या मुलांच्या एका चित्राच्या दोन प्रती पुढे आल्या. एकीत असलेला एक मुलगा दुसरीत नव्हता. आपण दृश्यांतून गोष्ट सांगणारे आहोत, अशी भूमिका मॅकरीने घेतली. असेल. पण तो मुलगा मैदानात होता, भिजत होता, खेळत होता. रचना नेटकी झाली आणि मुलगा गेला. गोष्ट सांगणाऱ्याला एक मुलगा जड झाला, तर ती गोष्ट कोणाची?

मंगळवेढ्याच्या भूमीवर हा विचार करताना दोन कथा ओलांडून पुढे जाता येत नाही. पहिली चोखोबांची. १३३८ मध्ये येथे गावकुसाचे काम चालू असता कूस ढासळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. ज्या हाडांतून विठ्ठलनाम ऐकू आले ती चोखोबांची, असे ओळखून नामदेवांनी ती पंढरपुरी नेली आणि महाद्वारासमोर समाधी बांधली, असे परंपरा सांगते. बाकीच्या मजुरांच्या हाडांचे काय? परंपरेच्या चौकटीत ती मावली नाहीत. ज्यांनी गावकुसाबाहेर राहायचे त्यांनीच ते कूस बांधायचे आणि त्यांनीच त्याखाली मरायचे!

दुसरी कथा दामाजीपंतांची. दुष्काळात त्यांनी सरकारी कोठार भुकेल्यांना मोकळे केले आणि बेदरच्या बादशहाकडे धान्याचे पैसे भरायला खुद्द विठ्ठल महाराच्या रूपाने गेला. ह्या विठू महाराचे कौतुक शतकानुशतके झाले. पण हाडामासाच्या महाराला त्याच विठ्ठलाच्या देवळाचे दार उघडायला १९४७ साल उजाडावे लागले, साने गुरुजींना उपोषणाला बसावे लागले. महाराची आकृती ठेवायची आणि महार वगळायचा, हे संस्करण संगणकाच्या फार आधीचे आहे.

म्हणूनच ‘ओसाड’ हा शब्द आम्ही निमूट स्वीकारीत नाही. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी नावाजलेली. २०१६ मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळाले. पण त्याच तालुक्याच्या दक्षिणेकडील गावे पाण्यासाठी वर्षानुवर्षे झगडत आली आहेत. दुष्काळी टापूतून दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. पुष्कळदा पोरेही बैलगाडीत बसून आईबापांबरोबर फडावर जातात. पट्टा पडेपर्यंत वस्तीजवळचे मैदान रिकामे. नेमके ह्याच थंडीच्या दिवसांतले कोवळे ऊन छायाचित्रकाराला हवे असते. तो येतो, रिकामे मैदान टिपतो आणि खाली ‘काळाच्या उदरात’ असे नाव देतो. मैदान काळाने गिळलेले नसते. कारखान्याच्या हंगामाने ते रिते केलेले असते. कारण काढून टाकले की दारिद्र्याचे दैव होते, आणि दैवावर कोणी मोर्चा काढीत नाही.

‘पडीक’ हा शब्दही तसाच. दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ आणि १९६४ मध्ये भूमिहीनांचे सत्याग्रह झाले, तेव्हा पडीक जमिनीचे चित्र पहिल्यांदा पुरे झाले; कारण त्यात ती कसू पाहणारा माणूस आला. आपल्याकडेच असे घडते असेही नाही. अथेन्सला २००४ च्या ऑलिंपिकसाठी हेलिनिको येथे बांधलेली क्रीडांगणे पुढे ओस पडली आणि त्यांची उदास छायाचित्रे जगभर छापली गेली. त्यांतल्याच हॉकी आणि बेसबॉलच्या मैदानांत नंतर निर्वासितांनी तंबू ठोकले. जून २०१७ मध्ये त्यांना तेथून हलवण्यात आले. जगाच्या लेखी संपलेले मैदान कोणाचे तरी घर झाले होते.

यावर कोणी म्हणेल, कलावंताला हळहळण्याचाही हक्क नाही काय? आहे. पण हळहळ कोणाची, हे विचारण्याचा हक्क आम्हांलाही आहे. हरवलेल्या मैदानाची हुरहूर त्यालाच लागते ज्याला त्या मैदानावर मोकळा प्रवेश होता. पालवणकर बाळू पुण्यात इंग्रजांच्या क्लबात महिना चार रुपयांवर खेळपट्टी तयार करी, जाळ्या बांधी. पुढे तो हिंदू संघाचा आधार झाला. पण मैदानावर ज्याच्या हातचा चेंडू चालत होता त्याला चहा मात्र मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने ११४ बळी घेतले. त्या काळचे हिरवेगार मैदान आणि भरलेला मंडप ह्यांचे चित्र कितीही देखणे असो, ते बाळूला मंडपाबाहेरून दिसलेले चित्र नव्हे. मंडपातून दिसणारे मैदान आणि मंडपाबाहेरून दिसणारे मैदान ही दोन मैदाने आहेत. प्रस्थापित सौंदर्यशास्त्राला आजवर पहिलेच ठाऊक आहे.

मंगळवेढ्यात वा अन्यत्र कॅमेरा हाती घेऊन निघालेल्या आमच्या विद्यार्थ्यांनी म्हणून काही पथ्ये पाळावीत. मैदान टिपण्याआधी ते कोणाच्या नावावर आहे, कोण खेळत होते, कोणाला खेळू दिले जात नव्हते, हे वस्तीत जाऊन विचारावे. चित्राखाली महिना आणि साल लिहावे. कडा कापण्याआधी कडेला कोण उभे आहे ते पाहावे. उजेड हवा तेवढा वाढवावा, माणूस मात्र पुसू नये. त्याने चित्र थोडे विस्कटेल. विस्कटू द्यावे. आमचे जगणे नेटक्या रचनेत कधी बसलेच नव्हते. ते बसवण्यासाठी आता आमच्याच हातांनी आमचीच माणसे कापण्याचे कारण नाही.