शोकाचे स्थान

एखाद्या गाजलेल्या कृतीचा पुढील भाग येणार असे कळले की रसिकाच्या मनात औत्सुक्य आणि शंका जोडीनेच उभी राहतात. 'इनसाइड आउट' या अमेरिकन चित्रपटाचा दुसरा भाग निघणार, असे २०२२ साली जाहीर झाले, तेव्हा आमची स्थिती अशीच झाली होती. त्या अपेक्षेचे पुढे काय झाले, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पिक्सार या संस्थेचा व पीट डॉक्टर यांनी दिग्दर्शित केलेला पहिला चित्रपट २०१५ सालचा. रायली ही अकरा वर्षांची मुलगी मिनेसोटा सोडून आईबापांसह सॅन फ्रान्सिस्कोस राहावयास येते, एवढेच त्याचे बाह्य कथानक. खरे नाट्य घडते ते तिच्या मनात. आनंद, शोक, भय, क्रोध व जुगुप्सा ही पाच पात्रे तेथे बसून तिचा कारभार पाहतात. यांपैकी शेवटचे चार तर भरतमुनींच्या आठ स्थायी भावांतील होत. अर्थात चित्रकर्त्यांनी सल्ला घेतला तो पॉल एकमन व डॅकर केल्टनर या मानसशास्त्रज्ञांचा, भरताचा नव्हे.

भावांना पात्रे करणे ही युक्ती जुनीच आहे. कृष्णमिश्राच्या 'प्रबोधचंद्रोदय' नाटकात विवेक व मोह रंगभूमीवर येतात. परंतु तेथे जय विवेकाचा व्हावयाचा, हे आरंभापासूनच ठरलेले असते. या चित्रपटाची थोरवी अशी की, ज्याला आपण नायक समजतो तो आनंदच येथे चुकलेला ठरतो. शाळेच्या पहिल्या दिवशी तो शोकाभोवती खडूचे वर्तुळ काढून त्याला तेथून हलू नकोस म्हणून बजावतो. पुढे बिंग बाँग हा रायलीचा लहानपणचा काल्पनिक सवंगडी आपली गाडी गमावून बसतो. आनंद त्याला हसविण्याची शिकस्त करतो, पण सारे व्यर्थ. मग शोक नुसता त्याच्याजवळ बसतो, त्याचे ऐकून घेतो; बिंग बाँग रडतो, आणि उठून चालू लागतो. करुणरसापासून समाधान कसे लाभते, या आपल्या जुन्या वादाला इतके साधे उत्तर आम्ही क्वचितच पाहिले आहे.

आमची शंका होती ती यापुढची. एकदा सापडलेले सत्य दुसऱ्याने कशास सांगावे? केल्सी मॅन दिग्दर्शित दुसरा भाग २०२४ साली आला. त्यात रायली तेरा वर्षांची असून चिंता, असूया, व्रीडा व कंटाळा हे नवे भाव तिच्या मनात शिरतात. पहिले तीन भरताच्या तेहतीस व्यभिचारी भावांत आहेतच. चिंता जुन्या भावांना हद्दपार करून सत्ता बळकावते, तेव्हा तिला खलनायिका ठरवून चित्रपट मोकळा होणार, अशी भीती वाटते. सुदैवाने तसे होत नाही. मुलीच्या कटू आठवणी मनाच्या मागल्या अंगास फेकून देण्याचा अपराध आनंदानेही केलेला असतो. बऱ्यावाईट सर्व आठवणी मिळूनच तिचा स्वभाव घडतो, असा शेवट आहे. विचार पुढे गेला हे आम्ही मान्य करतो. कलेच्या दृष्टीने मात्र पात्रांची गर्दी व धावपळ फार झाली आहे. बिंग बाँगच्या प्रसंगासारखी निवांत जागा येथे एकही नाही.

पहिल्या भागात रायलीची आई तिला, बाबांसाठी तू हसरी राहा, असे प्रेमाने विनविते. त्यात कसलाही दुष्टपणा नाही. पण मुलीचे पुढचे सारे दुःख त्या विनवणीने कोंडले जाते. घर सोडून निघालेली मुलगी परत येऊन आईबापांपाशी रडते, तेव्हाच ते मोकळे होते. आपल्याही घरांत 'शहाणी मुले रडत नाहीत' हे वाक्य तितक्याच प्रेमाने उच्चारले जाते. हे चित्रपट मुलांसह पाहणाऱ्या वडीलधाऱ्यांनी त्या आईकडे विशेष लक्ष द्यावे. आणि घरी परतल्यावर मूल रडू लागलेच, तर त्याला उगी करण्याची घाई न करता क्षणभर त्याच्याजवळ बसून पाहावे, एवढीच आमची सूचना आहे.