अकबरचा शेर आणि सुदाम्याचे पोहे

उपहासाचा शब्द किती वर्षे टिकतो, हे आम्हाला ग्रंथालयात नव्हे, शाळेच्या व्हरांड्यात कळले. वाशीम जिल्ह्यातल्या एका उर्दू शाळेत आम्ही शिकवतो. आठवीनंतर मुलीचे नाव काढायला एक पालक आले. कारण विचारले, तर त्यांनी अकबर इलाहाबादींच्या पडद्यावरच्या चार ओळी म्हणून दाखवल्या. सोबतचे दोघे हसले. आम्ही शिष्यवृत्तीचे, पुढच्या वर्गांचे सांगत राहिलो. त्या हशापुढे आमचे काही चालले नाही.

अकबर १९२१ साली वारले. स्वतः इंग्रजी अमदानीत न्यायाधीश, मुलगा शिकायला विलायतेत. तरी नव्या तालमीची टर उडवण्यात त्यांचा हात कोणी धरू शकला नाही. सर सय्यद यांनी १८७० पासून ‘तहजीबुल अखलाक’मध्ये निबंधांमागून निबंध लिहिले. ते आज बहुतेक परीक्षेपुरते वाचले जातात. अकबर मात्र कधी पुस्तक न उघडणाऱ्यालाही पाठ! सर सय्यद यांच्या कामाची कबुली याच अकबरनी पुढे शेरातून दिली, पण ती व्हरांड्यात कोणाला आठवत नाही. शेर सुटा निघतो आणि कोणाच्याही हातचे हत्यार होतो.

आमच्याच वऱ्हाडात वकिली केलेल्या श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांची रीत वेगळी. ‘सुदाम्याचे पोहे’मध्ये त्यांनी आपल्याच समाजाच्या रूढींची खिल्ली उडवली. पण सुदामा दूर उभा राहून हसत नाही. बंडूनाना आणि पांडूतात्यांबरोबर तोही त्याच मूर्खपणात सामील असतो. आम्हाला हा उपहास अधिक प्रामाणिक वाटतो. मात्र भाषा जड, कोट्यांवर कोट्या. त्यातले एक वाक्यही आज लोकांच्या तोंडी नाही. त्यांचे शिष्य गडकरी यांचा ‘एकच प्याला’तला तळीराम तेवढा उरला. वर्षअखेरीस वर्तमानपत्रे मद्यपींना त्याच नावाने पुकारतात, आणि तेही लाडाने. ज्याच्यावर आसूड ओढला, तोच लाडका झाला!

दाखला तयार होईपर्यंत आम्ही त्या पालकांना शेवटची ओळ पुन्हा म्हणायला लावली आणि विचारले, “चाचा, यात पडदा कोणाच्या अकलेवर पडलाय?” ते हसले नाहीत. दाखला मात्र घेऊन गेले.