बुद्ध्यंक आणि आईबाप

परवा एक आई सांगत होती, ‘सर, मुलाचा बुद्ध्यंक १३८ आला, १४० नाही आला हो.’ डोळ्यांत पाणी! आता बघा, एवढा फरक तर त्याच मुलाची पुन्हा चाचणी घेतली तरी पडतो. बिने यांनी १९०५ मध्ये पॅरिसला चाचणी रचली ती मागे पडणाऱ्या मुलांना मदत व्हावी म्हणून. अमेरिकेत टर्मन यांनी १९२१ पासून तिच्याच सुधारित रूपावर प्रज्ञावंत निवडले. त्या निवडीत शॉकली आणि अल्व्हारेझ बसले नाहीत; पुढे दोघांनाही नोबेल मिळालं. माझा आक्षेप चाचणीवर नाही, मापालाच मूल समजण्यावर आहे. त्या आईला मी विचारलं, ‘मुलगा घरी प्रश्न कसले विचारतो?’ तिला आठवेना. अंकाच्या नादात ते ऐकायचंच राहिलं होतं.