गुरूची परीक्षा आणि राजाची आज्ञा

शीलशिक्षणांत इस्लामची शिकवण आणि देशपरंपरेचें शहाणपण यांची सांगड कशी घालावी, हा प्रश्न इंडोनेशियांत मोठ्या आस्थेनें चर्चिला जातो. तेथील २०१३ च्या अभ्यासक्रमानें धर्मशिक्षण आणि ‘बुदि पेकर्ति’, म्हणजे सदाचरण, यांचा एकच विषय केला. (‘बुदि’ हा आपल्या ‘बुद्धि’चाच वंशज होय.) परंतु ही सांगड प्रत्यक्ष घालून दाखविणारें एक काव्य जावाच्या भाषेंत दोनशें वर्षांपासून आहे. सुराकर्ताचे राजे चौथे पाकुबुवन (राज्यकाल १७८८ ते १८२०) यांचें ‘वुलंगरेह’ तें हेंच.

काव्याचे सर्ग तेरा. प्रत्येकाचें वृत्त निराळें आणि सर्व गाण्याजोगीं. पहिल्या सर्गांत गुरु कसा निवडावा तें सांगितलें आहे. तो सदाचारी, धर्मनियम जाणणारा व उपासक असावा. दुसऱ्याच्या देणगीवर त्याची दृष्टि नसावी. त्याचें बोलणें कुराणवचन, हदीस, विद्वानांचें एकमत आणि अनुमान या चार प्रमाणांशीं जुळत नसेल, तर तें घेऊं नये. ही कसोटी शुद्ध इस्लामी धर्मशास्त्राची आहे. पुढच्याच सर्गांत आहार व निद्रा कमी करून सूचक खूण ओळखण्याइतकें मन तीक्ष्ण करण्याचा उपदेश येतो; हा जावाच्या जुन्या तपश्चर्येचा वारसा. त्यानंतर वेगाचा गर्व वाहणारें हरिण, देहाचा गर्व वाहणारा हत्ती आणि विषाचा गर्व वाहणारा सर्प येतात, आणि तिघेही त्या गर्वापायींच मरतात. येथें एकाही अरबी संज्ञेची गरज कवीस पडली नाहीं. उलट पांच वेळच्या नमाजाची आज्ञा येते ती ‘अस्मरदना’ वृत्तांत, ज्याच्या नांवांत आपला ‘स्मर’, म्हणजे मदन, दडला आहे! एकानें आशय द्यावा व दुसऱ्यानें अलंकार, असा हा व्यवहार नव्हे. दोन्ही परंपरा येथें एकमेकींचें काम करितात.

परंतु मेळ जितका पूर्ण, तितकाच तो धोक्याचाहि असतो. ‘मेगात्रुह’ सर्गांत राजा हा ईश्वराचा प्रतिनिधि ठरतो, आणि सेवकानें समुद्रांतील वाहत्या काष्ठाप्रमाणें आज्ञेबरोबर जावें असें सांगितलें जातें. राजा न्यायानें शासन करितो हें त्याचें कारण दिलें आहे खरें. पण न्याय सुटला तर काय, या प्रश्नाकडे काव्य वळत नाहीं. ज्या शिष्याला गुरूची चार प्रमाणांनीं परीक्षा घेण्यास शिकविलें, त्यालाच सिंहासनापुढें परीक्षा विसरावयास सांगितलें! कवि स्वतःच राजा होता, हें येथें विसरतां येत नाहीं. दरबाराची रीत आणि धर्माची आज्ञा एकत्र आली, ती माणसाला सुधारण्यासाठीं कीं वांकविण्यासाठीं, असें विचारणें मग प्राप्तच होतें.

म्हणून या काव्यांतून नम्रता, आज्ञाधारकता, संयम अशी सद्गुणांची यादी काढून मुलांकडून ती पाठ करविणें आम्हांस घातक वाटतें. राजा गेला, प्रजासत्ताक आलें. वाहतें काष्ठ आतां नको. ‘वुलंगरेह’ मुलांनीं अवश्य गावें, पण पहिल्या सर्गाची कसोटी हातीं घेऊन मेगात्रुहापर्यंत यावें. असें झालें, तर या काव्याची खरी शिकवण त्याच्या कर्त्याच्याहि पुढें गेली असें म्हणतां येईल.