हत्तीच्या पोटाचे परीक्षण

पुस्तकांची परीक्षणं लिहिणारे पुष्कळ आहेत. टेम्पोच्या पोटाचं कोणी लिहीत नाही. तेव्हा इंदिरानगरात दारोदार फिरणाऱ्या गाड्यांवर हा आमचा अभिप्राय.

2005 साली टाटांनी 'एस' आणली आणि लोकांनी तिचा 'छोटा हत्ती' केला. पण कंपनी देते तो नुसता हौदा. आतला संसार मांडायचा वेल्डिंगवाल्याने. भाजीवाल्याची गाडी अव्वल! कांदे-बटाटे तळाला, मेथी-कोथिंबीर वर ओल्या गोणपाटाखाली. वजन खाली, म्हणून वळणावर गाडी डुलत नाही. जुडी निवडताना आजीबाईंना वाकावं लागत नाही.

प्लंबरची गाडी मात्र फसलेली नवकविता. पाइप टपावर, ठीक. पण एल्बो, टी, वॉशर सगळे एकाच गोणीत. अर्धा इंची वॉशर सापडेपर्यंत आपली टाकी रिकामी, आणि त्या बिचाऱ्याचं पुढचं गिऱ्हाईक दुसऱ्याकडे! कारण वेल्डिंगवाला सगळ्यांना एकच रॅक ठोकून देतो. अहो, शिंपीसुद्धा आधी माप घेतो!

आमची कसोटी साधी: न बघता हात घातला तरी हवी ती वस्तू हाती यावी. स्वयंपाकघरातला मिसळणाचा डबा या परीक्षेत पैकीच्या पैकी गुण मिळवतो. वेल्डिंगवाल्यांनी तो एकदा उघडून पाहावा.